फाटकाजवळची बटणं

मार्लहर्स्ट, केंट
९ फेब्रुवारी १९९७

श्रीमती गारसाइड यांस,

तुमची-माझी ओळख नाही. आमच्या मेटल डिटेक्टरवाल्यांच्या मंडळाच्या चिटणिसांनी तुमचा पत्ता दिला आणि वर बजावलं, "बटणांचं विचारायचं तर बॅटलीच्या नोरीनबाईंनाच विचार. पण अक्षर नीट काढ, त्या शाळेत शिकवायच्या." म्हणून हे पत्र दुसऱ्यांदा लिहितोय.

मी डेस्मंड पिल्चर. जन्मभर बस चालवली. मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, रोज चाला. नुसतं चालायची मला लाज वाटते, उनाडक्या केल्यासारखं वाटतं. म्हणून हे यंत्र घेतलं. ते कुंई करतं, मी वाकतो, खणतो आणि खिळा निघतो. कधीमधी नाणं. बहुतेक वेळा बटण. माझी बायको डॉरीन म्हणते, "लोकांचे नवरे सोनंनाणं आणतात, आमचे गुंड्या आणतात. आता एक सदराही खणून काढा, म्हणजे लावून तरी देते."

इथल्या टॉलहर्स्टांच्या शेतात फिरायची मला परवानगी आहे. उतारावर पूर्वी त्यांची हॉपची बाग होती. निम्म्या परगण्याची बियर त्या वेलांवर कडू व्हायची. आता नुसतं गवत आहे. तिथं फाटकाच्या कोपऱ्यात सोबतची दोन बटणं मिळाली. वर सिंह आणि शिंगवाला घोडा दिसतो. कुणाची असतील? राजाच्या नोकराची वगैरे असली तर डॉरीनचं तोंड जरा बंद होईल.

तसदीबद्दल माफी असावी.

आपला,
डेस्मंड पिल्चर

*

बॅटली, यॉर्कशर
१७ फेब्रुवारी १९९७

पिल्चर यांस,

अक्षर चालेल. शुद्धलेखनाची एक चूक आहे. ती तुमची तुम्हीच शोधा.

पहिली गोष्ट, बटणं घासून चकचकीत करून पाठवलीत ती का? पॉलिशची डबी आजच्या आज डॉरीनबाईंच्या ताब्यात द्या. पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. जमिनीनं इतकी वर्षं जपलेलं तुम्ही पाच मिनिटांत घासून टाकता.

आता बटणं. राजाचा नोकर म्हणाल तर आहेच, पण सगळ्यात खालचा. ही साध्या शिपायाच्या कोटाची आहेत, पहिल्या महायुद्धातली. मोठं छातीवरचं, लहान खिशाच्या झाकणाचं. मागे बर्मिंगहॅमच्या कारखानदाराचं नाव असतं, शिपायाचं नसतं. सगळ्या पलटणींना हीच बटणं, त्यामुळे माणूस कुठला ते यावरून कळत नाही. मात्र त्याच जागी आणखी निघाली, तर तिथं कुणीतरी आपला कोट टाकला किंवा पुरला असं समजायला हरकत नाही. कापड कुजून जातं, बटणं राहतात.

तेव्हा त्या कोपऱ्यात पुन्हा एकदा फिरा. आणि निघेल ते पाठवा. माझे यजमान गेल्यापासून या घरात टपालानं फक्त बिलं येतात. तुमचं पुडकं उघडताना मला फार बरं वाटलं.

नोरीन गारसाइड

*

मार्लहर्स्ट
१६ मार्च १९९७

नोरीनबाई,

उत्तराबद्दल आभारी आहे. चूक सापडली.

त्या कोपऱ्यात आणखी बरीच निघाली. सिंह-घोड्याची आहेत, इतरही काही आहेत. नीट पाहिली नाहीत. सध्या पाठवत नाही.

एक विचारायचं होतं, सहज. कोट कुठल्या पलटणीचा होता हे कशावरूनच सांगता येत नाही का? आणि तो युद्ध संपायच्या आधी पुरला की नंतर, हे बटणांवरून कळतं का? सहज विचारतोय, उत्सुकता म्हणून.

डॉरीन बरी आहे.

डेस्मंड पिल्चर

*

बॅटली
२१ मार्च १९९७

डेस्मंड,

तीस वर्षं मी वर्गातली पोरं पाहिली. "सहज विचारतोय" असं एकाच पत्रात दोनदा म्हणणारं पोर सहज विचारत नसतं. आधीच्या पत्रात दोन पानं गप्पा मारणारा माणूस आता चार ओळींत आटोपतो. तुम्हाला कसली तरी धास्ती बसली आहे.

काय ते सांगायचं तर सांगा, नाही तर राहू दे. पण बटणं पाठवा. सगळी. नुसती देखणी निवडून पाठवू नका. मोडकी, चेपलेली, पत्र्याची, बक्कल, आकडे, जे काही त्या कोपऱ्यात निघालं ते सगळं. आणि घासू नका.

नोरीन

*

मार्लहर्स्ट
६ एप्रिल १९९७

नोरीनबाई,

तुम्ही ओळखलंत. आता सगळं लिहितो.

शेताचा मालक रोलंड. त्याची चुलत आत्या या शेतावर राहते, मिस हेस्टर टॉलहर्स्ट. वय एकोणनव्वद. जन्म याच घरातला, लग्न केलं नाही. तिला एक भाऊ होता, क्लेम, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. एकोणीसशे सतराच्या सप्टेंबरात हॉपच्या तोडणीच्या वेळी तो रजेवर आला, परत गेला आणि ऑक्टोबरात बेल्जियममध्ये बेपत्ता झाला. पुढे लष्करानं कळवलं, मेला असं धरून चाला. पण मधल्या काळात लष्करी पोलीस दोनदा घरी येऊन कोठ्या उघडून बघून गेले होते. गावानं काय ते ठरवून टाकलं. क्लेम पळाला. आमच्या गावच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाही. मी इथं लग्न करून आलो तेव्हा पबमध्ये मला हे पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळालं होतं.

तुमचं पत्र आलं, मी पुन्हा तिथं गेलो आणि ओंजळभर बटणं निघाली. पळणारा माणूस आधी अंगावरचा खाकी कोटच टाकणार ना? आणि टाकणार कुठं, तर आपल्याच बागेत. मी ठरवलं, गप्प बसायचं. रोलंडला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "आत्याला कळू देऊ नका हो. आता या वयात नको."

पण तिची खिडकी त्याच फाटकावर उघडते. परवा तिनं मला आत बोलावलं, चहा ओतला आणि विचारलं, "काय मिळालं?"

मी म्हणालो, "काही नाही मिस टॉलहर्स्ट, खिळे."

"खिळे रुमालात बांधून खिशात घालतात होय?"

तिनं हात पुढे केला. मी रुमाल दिला. तिनं गाठ सोडली, एक बटण उचललं, अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाली, "अठराच्या मार्चमध्ये मला यातलं एक सापडलं होतं."

बाई, ऐंशी वर्षं या बाईनं हे पोटात ठेवलंय. नऊ वर्षांची असताना त्याच कोपऱ्यात तिला चिखलात खाकी कोटाची बाही दिसली. कोपरापासून पुढची, तिला पितळी बटण लटकत होतं. तिनं ती आईला नेऊन दिली. आईनं बघितलं, भट्टीत घातली आणि म्हणाली, "तू काही बघितलं नाहीस." बस्स. त्या दिवसापासून मायलेकी धरून चालल्या की क्लेम जिवंत आहे, परत आला होता, इथं कपडे टाकले आणि गेला. गावात स्मारक उभारताना नाव विचारायला लोक आले, तर आईनंच सांगितलं, घालू नका. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांच्या दगडावर कोरून घ्यायची तिची हिंमत झाली नाही. मरेपर्यंत तिनं मागच्या दाराला कडी लावली नाही.

हेस्टरला मागणी आली होती. शेजारच्याच गावचा मुलगा. तिनं नाही म्हटलं. मला म्हणाली, "मी गेले असते आणि तो आला असता, तर दार कोणी उघडलं असतं?"

मग रुमालाची गाठ पुन्हा बांधून माझ्या हातात दिली. "तुमच्या त्या यॉर्कशरच्या बाईंना विचारा, ही एकाच माणसाची आहेत का. गोड करून लिहू नका म्हणावं."

सगळं सोबत पाठवतो आहे. डॉरीननं पॉलिशची डबी लपवून ठेवली आहे, तेव्हा काळजी नसावी.

डेस्मंड

*

बॅटली
१५ एप्रिल १९९७

डेस्मंड,

हे पत्र मिस टॉलहर्स्टना वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून.

मिस टॉलहर्स्ट, ही एका माणसाची बटणं नाहीत. त्या कोपऱ्यात तुमच्या भावानं कोट टाकला नव्हता.

कशावरून म्हणते ते सांगते. पुडकं मी टेबलावर पांढऱ्या कापडावर ओतलं आणि भिंग घेऊन बसले. सिंह-घोड्याची आठ आहेत, पण ती पाच निरनिराळ्या कारखान्यांची. एका कोटाला बहुधा एकाच कारखान्याची बटणं लागतात. इथं एकाही कोटाचा संच पुरा होत नाही. एक तर ओव्हरकोटाचं आहे, मोठं. मग एकावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा आहे. दोन बटणांवर मेपलचं पान, म्हणजे कॅनडाचे शिपाई. एक टपालवाल्याच्या कोटाचं आहे. नांगराचं जे चिमुकलं आहे ते नौदलाचं नाही. लहान मुलांना नाविकाचा पोशाख घालायची तेव्हा फॅशन होती, त्यातलं आहे. बाकी विजारीची पत्र्याची आणि बायकांच्या चोळ्यांचे आकडे. पितळेच्या गंजामुळे दोन बटणांच्या कड्यांत कापडाचे धागे टिकून राहिलेत. एक जाड लोकरीचा आहे, एक सुती. शिपाई कितीही घाबरलेला असला तरी ऑस्ट्रेलियन, कॅनडियन, टपालवाला आणि दोन वर्षांचं पोर एवढे सगळे एकटाच अंगावर घालून पळत नाही.

मग ही आली कुठून? आमच्याकडून, बॅटलीहून. आमच्या गावाचा धंदाच चिंध्यांचा. देशभरातले जुने लोकरी कपडे इथं यायचे, पिंजून त्यांची पुन्हा लोकर व्हायची आणि त्या लोकरीची नवी पांघरुणं. माझी आई अशाच एका गिरणीत बसायची. बायकांची रांग, प्रत्येकीपुढे ढीग. शिवणी उसवायच्या, बटणं कापायची, रंग निवडायचे. युद्धात आगगाड्या भरभरून खाकी कोट आले, रणांगणावर गोळा केलेले. ढीग एवढे की बायकांच्या हातून बटणं सुटायची आणि मुकादम आईला त्यावरून बोलायचा. पिंजण्याच्याही लायकीचं जे उरायचं नाही, बाह्यांची टोकं, शिवणी, तेलकट धूळ, ते पोत्यांत भरून खत म्हणून विकायचे. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक केंटच्या हॉपच्या बागा. लोकर सावकाश कुजते, वेलांना मानवते.

आता मला तुम्हालाच विचारायचं आहे. सतरा-अठराच्या हिवाळ्यात तुमच्याकडे उत्तरेकडून अशी पोती आली होती का? आणि ती कुठं उतरवली होती?

डेस्मंड, आता तुमच्यासाठी. फेब्रुवारीत मी दोन बटणांवरून अख्खा कोट शिवून टाकला. त्यापायी तुम्ही दोन महिने धास्तीत काढलेत. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

नोरीन

*

मार्लहर्स्ट
२७ एप्रिल १९९७

नोरीनबाई,

वाचून दाखवलं. रविवारी दुपारी, स्वयंपाकघरात. रोलंड होता, डॉरीनही आली होती.

पहिल्या दोन वाक्यांनंतर मिस टॉलहर्स्टनी हात वर केला. मी थांबलो. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "पुढे वाचा. नुसतं सांगून भागत नाही, कशावरून ते ऐकू दे." ऑस्ट्रेलियाचा भाग दोनदा वाचायला लावला. त्या पोराच्या नाविक पोशाखाशी आल्यावर डॉरीनला हसू फुटलं आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. तर हेस्टरबाईच म्हणाल्या, "हसा हो. या घरात या विषयावर कुणी हसलेलं मी अजून ऐकलं नव्हतं."

पोत्यांचा प्रश्न वाचला आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. म्हणाल्या, "वास! त्या पोत्यांना ओल्या मेंढीचा आणि तेलाचा वास यायचा." दर हिवाळ्यात स्टेशनवरून गाडीनं पोती यायची. उतार चिखलाचा असला की घोडे वर चढायचे नाहीत, मग फाटकाच्या कोपऱ्यातच ढीग करायचे आणि वसंतात पसरायचे. पण युद्धाआधी त्यात निघायचा राखाडी भुगा नाही तर गालिच्याचे तुकडे. खाकी कधीच नाही. त्या वर्षी बाप अंथरुणाला खिळलेला, खताचं सगळं गडीमाणसांनी बघितलेलं. आई घराबाहेरच पडत नव्हती. पोलीस येऊन गेल्यापासून दारावर थाप पडली तरी ती दचकायची. अशा बाईच्या हातात पोरीनं खाकी बाही आणून ठेवली. तिला दुसरं काय सुचणार होतं?

किटलीतलं पाणी आटून गेलं, ते वासावरून कळलं.

शेवटी हेस्टरबाई रोलंडला म्हणाल्या, "पाद्रीबाबांना सांग मला भेटायचंय. आणि पाथरवटालाही." रोलंड एवढा आडदांड माणूस, पण उठून न्हाणीघरात गेला आणि डोळे लाल करून आला.

बाई, मी गेले दोन महिने देवाला म्हणत होतो की ते यंत्र घेतलंच नसतं तर बरं झालं असतं. आता म्हणत नाही. तुमचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. डॉरीननं केक पाठवला आहे. मनुका जरा करपल्यात. त्या बाजूला काढून खा.

डेस्मंड

*

मार्लहर्स्ट
१२ ऑक्टोबर १९९७

प्रिय नोरीनबाई,

माझा हात थरथरतो, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नका. डेस्मंडनं लिहून देतो म्हटलं होतं, पण हे माझं मलाच लिहायचं आहे.

क्लेमचं नाव गावच्या दगडावर लागलं. जुनी अक्षरं काळवंडलीत आणि त्याचं एकट्याचं कोरं करकरीत आहे, त्यामुळे लांबून तेवढंच दिसतं. तरुणपणी त्याला असं उठून दिसायला आवडायचंच.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्यासाठी. मागच्या आठवड्यात मी बेल्जियमला जाऊन आले. डेस्मंड आणि डॉरीन घेऊन गेले. मी जन्मात समुद्र ओलांडला नव्हता. डेस्मंड गाडी अजून बससारखीच चालवतो, प्रत्येक वळणावर मागे बघून विचारतो, सगळे बसलेत ना. डॉरीन त्याला म्हणाली, "तिकिटं फाडा आता." हसून हसून माझी बरगडी दुखली.

तिथं टेकडीवर एक लांब अर्धवर्तुळाकार भिंत आहे. ज्यांची शरीरं सापडली नाहीत त्यांची नावं तिच्यावर आहेत. नावंच नावं. त्याचं नाव तिथं पहिल्यापासून होतं, नोरीनबाई. मला माहीत होतं. लष्करानं आईला कळवलं होतं. आम्ही गेलो नाही. जो कुठंतरी दुसऱ्या नावानं भाकरी खात असेल, त्याच्या नावापुढे फुलं ठेवायची, ही थट्टा आमच्यानं झाली नसती.

नाव उंचावर होतं. माझी नजर तिथवर जाईना. डेस्मंडनं टोपी काढली आणि मोठ्यानं वाचलं. टॉलहर्स्ट, सी. डॉरीननं माझा दंड धरून ठेवला होता. मी फुलं खाली ठेवली. आमच्याच कुंपणावरची होती, रस्त्यात थोडी मलूल झालेली.

आता जे लिहिते ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, मी जन्मभर भावाची वाट पाहिली. वाट आईनं पाहिली. मी त्याच्यावर रागावले होते. तो मला खांद्यावर घेऊन हॉपच्या वेलांखालून धावायचा, मला त्यानं शीळ घालायला शिकवली होती, आणि तो माणूस कुठंतरी जिवंत होता आणि त्याला मला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आई गेली तेव्हा नाही. दुसरं युद्ध आलं तेव्हा नाही. दर नाताळात मी टपालवाल्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, येऊ दे एकदा, दारातूनच परत पाठवते. ऐंशी वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही, नोरीनबाई. मनातसुद्धा नाही.

आणि तो बिचारा नुसता मेला होता. एकोणीस वर्षांचा होता. मला सोडून तो कुठंही गेला नव्हता.

भिंतीपाशी मी त्याच्याशी बोलले. काय बोलले ते डेस्मंडला विचारू नका, त्याला मी लांब उभं केलं होतं. बरंच साचलेलं होतं. आईचं सांगितलं, घोड्यांचं सांगितलं, बाग मोडली ते सांगितलं. डॉरीननं मला बसायला घडीची खुर्ची आणून दिली आणि पुन्हा लांब गेली. उठले तेव्हा पाय सुन्न झाले होते आणि भूक लागली होती, अशी की मला माझीच लाज वाटली.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते तुम्हाला नीट कळावं म्हणून एवढं लिहिलं. तुमच्यामुळे मला माझा भाऊ मेलेला मिळाला. असे आभार कुणी कुणाचे मानले असतील का, मला माहीत नाही. मी मानते.

तुमची,
हेस्टर टॉलहर्स्ट